ठासणीची रायफल : गोळी नळीच्या मापात कशी आणायची? (0.577 एन्फील्ड आणि तिच्या भावंडांसाठी)

गजवाला
विषय आहे पॅटर्न 1853 एन्फील्डच्या आधुनिक प्रतिकृतीचा. तीन पट्ट्यांची, 39 इंची नळी, तीन खाचांची. गोळी मिनिए पद्धतीची, पोकळ बुडाची, घरी ओतलेली. साच्यावर 0.575 लिहिलंय, गोळी पडते 0.5775 इंचाची. पहिल्या तीन-चार गोळ्या गजाने सरळ उतरतात, पाचवीपासून गज ठोकावा लागतो. दुकानात 0.575, 0.576, 0.577, 0.578 अशा सायझिंग डाय (गोळी आवळून ठरावीक मापाची करणारी पोलादी भोकं) मिळतात. नळीवर 0.577 कोरलंय, मग 0.577 चीच डाय घ्यायची का? वापर फक्त इंग्लंडमधल्या क्लबच्या रेंजवर, 50 आणि 100 मीटरवर, अर्थात काळ्या दारूवरच.

थाऊमास्तर
नळीवर कोरलेला आकडा हे तिचं नाव, माप नव्हे. 0.577 नावाच्या प्रतिकृतींच्या नळ्या 0.576 पासून 0.580 पर्यंत कुठेही सापडतात, एकाच कारखान्याच्या दोन नळ्यासुद्धा सारख्या नसतात. त्यामुळे डाय शेवटी. आधी नळी मोजा, मग गोळी मोजा.

नळी मोजायला पिन गेज, म्हणजे नेमक्या व्यासाचे पोलादी दांडे. अर्ध्या थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पायरीने 0.575 ते 0.580 एवढे तुकडे पुरतात, पूर्ण संच घ्यायची गरज नाही. नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हलका हात फिरवून पुसून काढा. पिन तोंडात सरळ धरा आणि स्वतःच्या वजनाने जाऊ द्या, दाबू नका. जी सहज जाते ती 'गो', तिच्या वरची जी अडते ती 'नो-गो'. तुमचं माप या दोघींच्या मध्ये. पिन खाचांमधल्या उंचवट्यांवर टेकते, खाचांशी तिला देणंघेणं नाही, आणि मिनिए गोळीला उतरताना हेच माप लागतं.

व्हर्नियरचे जबडे तोंडात घालून आलेला आकडा कागदावर लिहूसुद्धा नका. एक जबडा खाचेत बसतो, दुसरा उंचवट्यावर, आणि हात जरा तिरका झाला की तीन-चार थाऊ इकडचे तिकडे.

ओतारी
मास्तरांच्या म्हणण्यात एक भर. पिन फक्त तोंडाचं माप सांगते. जुन्या नळीचं तोंड गज घासून घासून मोठं झालेलं असतं. काही प्रतिकृतींत आत मध्येच एखादी आवळ जागा असते, बहुतेकदा पट्ट्यांच्या किंवा साइटच्या खाली, जिथे बाहेरून झाळलंय तिथे. ती शोधायला शिशाचा स्लग लागतो.

शुद्ध शिशाची, नळीपेक्षा चार-पाच थाऊ मोठी बुटकी गोळी घ्या. नळीला तेल लावा. लाकडी ठोकळ्याने ती तोंडात बसवा आणि जाड पितळी गजाने एकसारख्या दाबाने आत ढकला, ठोके देऊ नका. लक्ष हाताकडे ठेवा. कुठे जोर लागला, कुठे एकदम सैल झाली, त्या त्या जागी गजावर खूण करा. परत बाहेर काढायची सोय आधी करून ठेवा. ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारा स्क्रू) काढता येत नसेल तर स्लगला आधीच स्क्रू-खेचणीसाठी भोक पाडा, नाहीतर ती गोळी तळाशी जाऊन बसेल.

गजवाला
दोन्ही केलं. 0.576 ची पिन वजनाने जाते, 0.5765 ची बोटाने हलकेच टेकवली की जाते, 0.577 ची जातच नाही. स्लगला नळीत कुठेही मोठा फरक जाणवला नाही. पण स्लग मायक्रोमीटरवर मोजला तर 0.583 आला. हे कसं?

थाऊमास्तर
बरोबर आलाय, फक्त तो ना धड उंचवट्याचा आहे ना खाचेचा. तुमच्या नळीत खाचा तीन. तीन खाचा आणि तीन उंचवटे सारख्या रुंदीचे असले की प्रत्येक खाचेच्या बरोबर समोर उंचवटा येतो. म्हणजे स्लगवर एका बाजूला फुगीर पट्टी (खाचेत शिरलेलं शिसं) आणि नेमकं समोर खोलगट पट्टी. मायक्रोमीटर त्या दोघींमधलं अंतर दाखवतो. उंचवट्याचा व्यास 0.5765 आणि समोरासमोरचं अंतर 0.583, तर खाच सुमारे साडेसहा थाऊ खोल, आणि खाचेचा व्यास साधारण 0.5895. दोन सपाट अॅन्व्हिलचा (टेकायच्या तोंडांचा) मायक्रोमीटर फक्त सम खाचांना चालतो. तीन किंवा पाच खाचांना व्ही-अॅन्व्हिलचा लागतो.

आणखी एक. बऱ्याच मूळ एन्फील्डमध्ये खाचांची खोली सगळीकडे सारखी नव्हती. ब्रीचकडे खोल, तोंडाकडे उथळ. काही प्रतिकृतींनी तेही उतरवलंय. तशा नळीतून तोंडाबाहेर काढलेल्या स्लगवर तोंडाजवळचीच खाच उमटलेली असते. डाय ठरवायला याने काही अडत नाही, पण बुडाचा घेर (पोकळीभोवतीची पातळ भिंत) किती पसरायला हवा याचा अंदाज चुकू शकतो.

तेव्हा तुमची नळी 0.5765 ची. गोळी 0.5775 ची, म्हणजे नळीपेक्षा एक थाऊ जाड. पहिल्या चार उतरल्या त्या शिसं मऊ आणि नळी स्वच्छ म्हणून. घेर आत दाबला जात होता. काळी दारू जळाली की वजनाने तिचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात राहतो, थोडा धुरात जातो, बाकीची राख नळीत. तिचा थर चढला आणि जागा संपली.

प्रश्नचिन्ह
मग किती बारीक करायची? नळीइतकीच का नको?

पूर्वकिनारा
अमेरिकेत नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनच्या सामन्यांत (व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ फोर्ट शेनांडोआ ही त्यांची जागा) वर्षानुवर्षं चाललेला ठोकताळा एकच : उंचवट्याच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ कमी. तिथे सामने वेळेचे असतात, फुटणारी लक्ष्यं असतात आणि मधे नळी पुसायला कोणी थांबत नाही. त्यामुळे गोळी दहाव्या बारालाही उतरली पाहिजे आणि तरीही सरळ गेली पाहिजे. एक थाऊने कमी असेल तर नेम उत्तम, पण वंगण आणि दारू दोन्ही चांगली हवीत. दोन थाऊ म्हणजे हाताला सोपं. तीनच्या पुढे गेलात की लक्ष्यावर गोळ्या पसरायला लागतात.

कारण असं. बार उडाला की वायू पोकळ बुडात शिरून घेर बाहेर ढकलतो आणि घेर खाचांत बसतो. पण त्याला क्षणभर वेळ लागतो. गोळी जितकी सैल, तितका वायू आधीच बाजूने निसटतो, शिसं कापत जातो, आणि गोळी नळीत वाकडी होऊन धावते. लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट दिसली की समजा आडवी आदळली.

अमेरिकन 1861 स्प्रिंगफील्डचा बोर 0.58 आणि मूळ गोळी 0.5775. म्हणजे लष्कराने अडीच थाऊ सोडले होते. त्यांना लढाईत न पुसता लोड करायचं होतं, तुम्हाला दहाच्या वर्तुळात मारायचंय.

थाऊमास्तर
म्हणून गजवाला, तुम्ही 0.575 ची डाय घ्या. नळीपेक्षा दीड थाऊ कमी. 0.5775 वरून 0.575 म्हणजे अडीच थाऊ उतरवायचे, एका फेरीत होतं. 0.577 ची घेतली असती तर गोळी अर्धा थाऊच उतरली असती आणि नळीपेक्षा जाडच राहिली असती.

आता कृती. क्रम महत्त्वाचा : ओतणे, निवडणे, सायझिंग, पुसणे, वंगण. वंगण भरून मग सायझिंग करू नका, डायमध्ये मेण साचून मापं बिघडतात.

1) गोळ्या पूर्ण थंड होऊ द्या. शिसं तापमानाने बरंच फुगतं. शंभर अंशांनी गरम असेल तर या आकाराची गोळी जवळजवळ पावणेदोन थाऊ मोठी दिसते. साच्यातून काढली आणि मोजली, असं कोणी केलं तर तो आकडा फेकून द्या.
2) मोजताना दोन जागी मोजा : साच्याच्या जोडाच्या रेषेवर आणि तिच्या आडव्या दिशेने. दोन्हींत दीड थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर साचा नीट मिटत नाहीये. सांध्यात शिशाचा कण अडकलेला असतो, बहुतेक वेळा तेवढंच.
3) सायझिंगआधी गोळ्यांना पाण्यात मिसळणाऱ्या कटिंग ऑइलचा किंवा साबणाच्या पाण्याचा पुसट हात. कोरडी शुद्ध शिशाची गोळी डायमध्ये चिकटते आणि डायच्या भिंतीवर शिशाचा लेप बसतो. पुढची गोळी मग डायच्या मापाची राहत नाही, लेपाच्या मापाची होते.
4) प्रेसचा (गोळी डायमधून ढकलणाऱ्या यंत्राचा) दांडा एका दमात, संथ. मधे थांबलात तर गोळीवर कडं उमटतं.
5) पहिल्या पाच गोळ्या मायक्रोमीटरवर. डायवर 0.575 लिहिलंय म्हणून 0.575 निघेल असं नाही. अर्धा थाऊ इकडेतिकडे सर्रास असतो. शुद्ध शिसं परत फुगत नाही म्हणावं इतकं कमी फुगतं, त्यामुळे जे आलं ते डायचंच माप.
6) गरम पाण्यात धुऊन वाळवा. खनिज तेलाचा अंश राहू देऊ नका. काळ्या दारूच्या राखेत तो मिसळला की डांबरासारखा लगदा होतो आणि ज्या कारणासाठी हा खटाटोप केला तेच परत उभं राहतं.

ओतारी
एक मोठी गोष्ट राहिली : गोळी डायमध्ये कोणत्या बाजूने घालायची. साध्या प्रेस-डायमध्ये गोळी सपाट पंचावर (ढकलणाऱ्या खिळीवर) बुडावर उभी राहते आणि टोक पुढे करून डायमधून जाते. घन बुडाच्या गोळीला हे ठीक. मिनिएचं बूड पोकळ, सगळा जोर त्या पातळ घेरावर येतो. एक-दीड थाऊ असेल तर निभावतं. अडीच-तीन असेल तर घेर कलतो किंवा कडेला बारीक बाक येतो. डोळ्याला दिसतही नाही, पण काचेवर उभी करून फिरवा, डुलते. असा घेर एका बाजूने आधी फुगतो आणि गोळी उजवीकडे-डावीकडे कुठेही जाते.

उपाय दोन. पंचावर बुडाच्या पोकळीत नेमका बसेल असा खुंट वळवून घ्या, म्हणजे जोर पोकळीच्या छतावर जातो. किंवा गोळी उलटी करा, बूड पुढे, आणि टोकाच्या आकाराचा खोलगट पंच वापरा. मला दुसरा जास्त पटतो, कारण घेर डायमध्ये सगळ्यात आधी शिरतो आणि सगळीकडून सारखा आवळला जातो.

थाऊमास्तर
दुसऱ्यात टोक चेपायची भीती असते. पंच टोकाला सगळीकडून टेकत नसेल तर शुद्ध शिशावर चपटा डाग पडलाच म्हणून समजा. खुंटाचा पंच लेथवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. मी पहिल्याच्या बाजूने.

ओतारी
पंच मापात वळवला तर चेपत नाही. टोकाला पातळ मेण लावून पंचावर दाबा, ठसा पूर्ण उमटला की पंच बरोबर. असो, दोन्ही चालतात, सपाट पंच तेवढा नको.

शिसेमोड
जुन्या टायरच्या वजनांचं शिसं स्वस्त मिळतं. तेच वापरून सायझिंग केलं तर?

ओतारी
मिनिएला नाही. त्या वजनांत अँटिमनी असतं. शुद्ध शिशाचं ब्रिनेल काठिण्य 5 च्या आसपास, त्या मिश्रधातूचं त्याच्या दुप्पट किंवा वर. घेर फुगायलाच हवा आणि तो फुगत नाही. वर आणखी एक गंमत : मिश्रधातू थंड होताना कमी आकसतो, त्यामुळे त्याच साच्यातून गोळी जाड पडते. मग तुम्ही ती डायमध्ये जास्त आवळणार, कडक धातू आवळायला जास्त जोर, आणि घेराची वाट. छपराचं जुनं पत्र्याचं शिसं चांगलं असतं. नखाने ओरखडा. खोल, चकचकीत रेघ सहज उठली तर चालेल, नख घसरलं तर बाजूला ठेवा. शंका असेल तर काठिण्याच्या पेन्सिली मिळतात, त्यांनी तपासा.

शुद्ध शिसं 327 अंशांना वितळतं, पण ओतायला भांडं 400 ते 430 सेल्सिअसच्या दरम्यान हवं. कमी असेल तर गोळीवर सुरकुत्या आणि घेराची कड गोलसर. तीक्ष्ण कड हवीच, तिच्यावर सगळा नेम अवलंबून. बुडाची पोकळी करणारा प्लग थंड राहिला की आतून सुरकुत्या पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. प्लग आधी वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर टेकवून तापवा आणि पहिल्या दहा-पंधरा गोळ्या परत भांड्यात टाका. मग वजन. 500 ग्रेनच्या (एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन) आसपासची गोळी असेल तर एका ढिगात तीन ग्रेनपेक्षा जास्त फरक नको. जी हलकी ती आत पोकळ आहे, आणि सायझिंगने पोकळी भरत नाही. वेडीवाकडी गोळी डायमधून काढली की फक्त वेडीवाकडी पण मापात अशी होते.

भांड्याजवळ पाणी नको, घामाचा थेंबही नको. खोली हवेशीर, काम झाल्यावर हात साबणाने.

दस्तऐवज
मापाच्या या भांडणाला आपल्याकडचा एक जुना संदर्भ आहे. 1857 च्या सुरुवातीला डमडम, अंबाला आणि सियालकोटच्या नेमबाजी केंद्रांत एन्फील्ड शिकवली जात होती ती कागदात गुंडाळलेल्या 0.568 इंची प्रिचेट गोळीवर, वजन 530 ग्रेन, दारू 68 ग्रेन. कागदाचे वेढे धरून ती 0.577 च्या नळीत बेताची बसायची. चरबीवरून काय पेटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच काळात ब्रिटिश सैनिकांची वेगळीच तक्रार होती : काही बार झाले की भारतातल्या हवेत गोळी उतरत नाही. म्हणून 1859 मध्ये गोळी 0.550 केली गेली. आता एवढी सैल गोळी नळीत फुगणार कशी, तर बुडातल्या खुंटाच्या जोरावर, तो आधी लाकडी होता, पुढे भाजलेल्या मातीचा झाला. वंगणातही मेणाचं प्रमाण वाढवलं, चरबी उन्हात वितळून कागदात मुरायची म्हणून.

प्रश्नचिन्ह
कागद गुंडाळला तर माप कसं धरायचं?

दस्तऐवज
कागदाचा एक वेढा व्यासात कागदाच्या जाडीच्या दुप्पट वाढवतो. दोन वेढे म्हणजे चौपट. चार हजारांशाचा कागद, दोन वेढे, तर 16 थाऊ. 0.550 ची गोळी 0.566 होते. कागद ओला करून गुंडाळला तर वाळल्यावर आवळतो, म्हणून वाळल्यावरच मोजा. अशा गोळीला डाय गोळीसाठी, कागदासह नव्हे.

रानडुक्करत्रस्त
सिंधुदुर्गात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बऱ्याच घरांत आहे. तिला हे लागू होतं का?

थाऊमास्तर
नाही. ती बहुतेक गुळगुळीत नळीची असते, आत पेच (पिळाच्या खाचा) नाहीत, आणि ती छर्‍यांसाठी असते. पेच नसलेल्या नळीत मिनिए गोळी फिरणार नाही, कोलांट्या खात जाईल. शिवाय 500 ग्रेनचं शिसं त्या जुन्या, भिंत कुठे किती पातळ झालीय कळत नाही अशा नळीत दाबायचं म्हणजे फाटायला आमंत्रण. परवान्यात जे लिहिलंय आणि बंदूक ज्यासाठी आहे तेवढंच. नळीची तपासणी मात्र परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून जरूर करून घ्या.

पेचपुराण
गोल गोळी आणि कापडाचा पॅच असेल तर? 0.50 ची पेन्सिल्व्हेनिया पद्धतीची रायफल.

पूर्वकिनारा
तिथे डायचं काम नाही, कारण फट कापड भरतं. 0.490 ची गोळी आणि साधारण 15 थाऊचं घट्ट विणीचं सुती कापड यापासून सुरुवात करा. बाहेर पडलेला पॅच उचलून बघा. मधे भाजलेला आणि कडेला फाटलेला असेल तर गोळी किंवा कापड बारीक पडतंय. खाचांच्या जागी कापल्यासारख्या रेषा असतील तर नळीच्या तोंडाच्या कडा धारदार आहेत, गोळी बदलून उपयोग नाही. नव्या नळीत हे फार दिसतं, बारीक पॉलिश पेपरने तोंड गोलसर करावं लागतं.

मोठीनळी
माझी अडचण उलटी. नळी 0.5795 आणि साचा 0.5765 देतो. सायझिंगने मोठी करता येते का?

ओतारी
डायने मोठी होत नाही. तुमचे पर्याय : मोठा साचा (हाच खरा), किंवा साच्याच्या जुळणाऱ्या सपाट तोंडांवर, गोळीच्या पोकळीपासून दूर, अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीची बारीक पट्टी. साचा तेवढाच उघडा राहतो आणि गोळी जाड पडते. पण एकाच दिशेने जाड पडते, म्हणजे अंडाकृती. मग ती 0.578 च्या डायमधून काढायची की गोल. पट्टी जाड झाली तर सांध्यातून शिशाची पापुद्री निघते, ती सुरीने न काढता डायलाच कापू द्या. आणि बुडाचा प्लग उघड्या साच्यात मध्यावर बसतोय ना ते पाहा. तो सरकला तर घेर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, त्यापेक्षा तीन थाऊ सैल गोळी बरी.

थाऊमास्तर
आणि डाय अर्ध्या थाऊने मोठी हवी असेल तर लॅपिंग. चिरलेल्या लाकडी दांड्यात 400 चा, शेवटी 600 चा वॉटर पेपर गुंडाळा, तेल, हाताचा ड्रिल कमी वेगात. दांडा डायच्या दोन्ही टोकांपर्यंत सारखा पुढेमागे फिरवा. एका जागी रेंगाळलात की तोंड घंटेसारखं पसरतं. अर्ध्या मिनिटाने थांबा, डाय रॉकेलने धुवा, एक गोळी काढा, मोजा. डाय कठीण केलेली असेल तर वेळ लागतो, पण घाई नको. काढलेलं परत लावता येत नाही.

गजवाला
0.575 ची डाय आली. गोळ्या 0.5752 निघतात. वंगण मेण आणि मेंढीची चरबी समप्रमाणात. पण आता स्वच्छ नळीत गोळी जवळजवळ आपोआप खाली जाते. हे धोक्याचं तर नाही?

थाऊमास्तर
जवळजवळ चालेल, आपोआप नको. वंगण लावलेली गोळी तोंडात ठेवली की थांबली पाहिजे आणि गजाच्या वजनाने सावकाश उतरली पाहिजे. दारूवर टेकवल्यानंतर ती तिथेच राहिली पाहिजे. खरी भीती हीच आहे : नळी खाली झुकली, गोळी दारूपासून पुढे सरकली आणि मधे हवा राहिली, तर बार उडताना गोळी नळीतल्या अडथळ्यासारखी वागते. नळीला आतून कडं पडतं, फुगते, वाईट झालं तर फाटते. रिकाम्या, कॅप (ठिणगी देणारी टोपी) न लावलेल्या नळीत गोळी टेकवून तोंड खाली करून हलकेच झटका द्या. घसरली तर ही गोळी तुमच्या नळीला सैल आहे, अर्ध्या थाऊने जाड डाय घ्या. वंगण घट्ट करून ती थांबवायचा प्रयत्न नको, दुपारच्या उन्हात ते पातळ होतंच.

गजावर दोन खुणा करा : नळी रिकामी असतानाची आणि दारू-गोळी बसल्याची. प्रत्येक बाराला दुसरी खूण तोंडाशी जुळली पाहिजे.

पूर्वकिनारा
आता शेवटची चाचणी रेंजवर. मोजून 45 ग्रेन दारू (सामन्यांत बहुतेक 40 ते 50 च्या दरम्यान असतात, 60-68 ची लष्करी मात्रा लक्ष्याला लागत नाही, आणि जास्त दारूने घेर तोंडाबाहेर पडताना फुलतो). न पुसता दहा बार. पहिली आणि दहावी गोळी गजाला सारखीच वाटली पाहिजे. सातव्या-आठव्याला अडली तर आधी वंगण बदला, कोरड्या हवेत चरबी वाढवा, आणि तरी अडली तरच गोळी आणखी बारीक. पहिल्या तीन वर-खाली आणि नंतरच्या सात एका जागी अशा असतील तर मापात काही चूक नाही, सामन्याआधी एक बार रेतीत उडवून नळी थोडी मळवा.

गजवाला
तोंड खाली करून झटका दिला, घसरत नाही. रविवारी 45 ग्रेनने दहा.